खांद्याची शस्त्रक्रिया : भूल आणि वेदनाशमन

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत भूल आणि वेदना यांविषयीचा लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु धान्याच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना खांद्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पोते हमालाच्या खांद्यावरून गाडीत चढते आणि गाडीतून वखारीत उतरते. पूर्वीचे १०० किलोचे पोते जाऊन पुष्कळ ठिकाणी ५० किलोचे आले, तरी खांदा तोच आहे. पेढीवर बसणाऱ्या आम्हां मंडळींचे खांदेही साठीनंतर कुरकुरू लागतात. मधुमेह असलेल्यांचे खांदे आखडतात, वयोवृद्धांचे पडून मोडतात. अशा खांद्यांपैकी काहींवर शेवटी शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग येतो.

असा प्रसंग आला की आपण कोणते रुग्णालय, कोणता शल्यविशारद, खर्च किती, याची चौकशी मोठ्या कसोशीने करतो. भूल कोणती देणार, तिचा अंमल किती तास राहणार आणि ती उतरल्यावर काय करावयाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस सुखाचे जातील की हालाचे, हे पुष्कळसे याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. आम्ही वैद्य नाही. वाचून व जाणत्या डॉक्टरांस विचारून जे समजले, ते आपल्या समाजाच्या आचारविचारांस धरून येथे मांडीत आहो. औषधाचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचाच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खांदा इतका का दुखतो?

खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या फऱ्यावरील उथळ वाटीत बसलेला असतो आणि त्याला चार स्नायूंच्या कंडरांनी वेढून जागेवर धरलेले असते. या कंडरा झिजून किंवा झटक्याने फाटल्या म्हणजे हात वर नेता येत नाही व रात्री कुशीवर झोपवत नाही. पुष्कळ रुग्ण औषध व व्यायाम यांनी बरे होतात. जे होत नाहीत त्यांच्या कंडरा दुर्बिणीतून हाडाला पुन्हा शिवतात. कित्येकांचा झिजलेला सांधाच बदलावा लागतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्वचेवर चार-पाच लहान छिद्रेच दिसतात. त्यामुळे घरच्यांचा समज होतो की दुखणेही तेवढेच असणार. हा समज खरा नव्हे. आत हाड खरवडलेले असते, त्यात टाके अडकविण्याच्या खुंट्या बसविलेल्या असतात व सांध्याच्या आवरणास धक्का लागलेला असतो. त्या आवरणात मज्जातंतूंचे जाळे दाट असते. म्हणून खांद्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले एक-दोन दिवस तीव्र वेदनेचे असतात. ही वेदना नुसती सोसण्याची बाब नाही. वेदनेने झोप जाते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो. आणि पुढे सांगितलेला व्यायाम रुग्ण टाळू लागला तर शिवलेला खांदा आखडून बसतो.

भुलीचा थोडा इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णास निद्रिस्त केले आणि शस्त्रक्रिया पार पडली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी, १८४७ साली, एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. हे औषध हुंगण्यास सोपे खरे, पण त्याने अधूनमधून रुग्ण अचानक दगावत. तो मृत्यू श्वास बंद पडल्याने येतो की हृदय बंद पडल्याने, याचा मोठा वाद माजला.

त्या वादाचा निकाल लावण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या हैदराबादेत झाला, ही गोष्ट तेथील आपल्या बांधवांनाही फारशी ठाऊक नसेल. निजामाच्या पैशाने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. त्यांचे प्रवर्तक रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे होते. डॉ. रुपाबाई फरदुनजी या हैदराबादच्या महिला डॉक्टरांचा या कामात सहभाग होता, आणि जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. या प्रयोगांत शेकडो मुक्या प्राण्यांचे जीव गेले, हे अहिंसाधर्मी वाचकांस क्लेश देणारे सत्यही सांगितले पाहिजे. श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून, असा कमिशनचा निष्कर्ष होता. पुढे तो अपुरा ठरला, कारण क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते असे सिद्ध झाले. परंतु भूल देणाऱ्याने रुग्णाच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवावे, हा हैदराबादचा धडा आजही खरा आहे. आज क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरीत नाहीत. श्वास, नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायू यांवर यंत्रे पहारा देतात आणि त्या यंत्रांवर भूलतज्ज्ञ पहारा देतो.

दुसरी वाट संपूर्ण शरीरास न झोपविता केवळ एक भाग बधिर करण्याची. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले, त्यामागून अधिक काळ टिकणारी बुपिव्हाकेन व रोपिव्हाकेन ही औषधे आली. १९७० साली ॲलन विनी यांनी मानेतील दोन स्नायूंच्या मधल्या फटीत सुई घालून खांद्याकडे जाणारे मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत सुलभ रीतीने मांडली. खांद्याच्या शस्त्रक्रियेतील भुलीचा तीच आज मुख्य आधार झाली आहे.

दोन प्रकारच्या भुलींचा मेळ

मानेच्या मणक्यांतून निघणारे पाच मज्जातंतू एकत्र गुंफले जाऊन हातात उतरतात. त्यांपैकी वरचे खांद्याला संवेदना देतात. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर हे तंतू प्रत्यक्ष पाहतो व त्यांच्या भोवती बधिर करणारे औषध सोडतो. थोड्याच वेळात खांदा जड होतो, हात उचलेनासा होतो. याला डॉक्टर मंडळी ब्लॉक म्हणतात.

बहुधा याच्या जोडीला संपूर्ण भूलही देतात. याचे कारण असे की खांद्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पुष्कळदा आरामखुर्चीत बसविल्यासारखे ठेवतात, तोंडाजवळच काम चालते आणि डोके झाकलेले असते. अशा स्थितीत तासन् तास स्तब्ध राहणे सर्वांस जमत नाही. ब्लॉक असला म्हणजे संपूर्ण भुलीचे औषध कमी लागते व जाग आल्यावर रुग्ण वेदनेने कळवळत नाही. निवडक रुग्णांत नुसत्या ब्लॉकवर, थोडी गुंगी देऊन, शस्त्रक्रिया होऊ शकते.

बसत्या स्थितीची एक बाजू रक्तदाबाच्या रुग्णांनी समजून घ्यावी. डोके हृदयाच्या वर असल्याने मेंदूस पोहोचणारा रक्ताचा दाब दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा कमी असतो. म्हणून भूलतज्ज्ञाला आपला नेहमीचा रक्तदाब व चालू गोळ्या अचूक सांगणे अवश्य आहे. काही गोळ्या त्या सकाळी घ्यावयाच्या असतात, काही टाळावयाच्या असतात. आपल्या मनाने त्यात फेरफार करू नये.

धान्याची धूळ आणि श्वासपटल

मानेतील ज्या जागी हे औषध सोडतात, तिच्या अगदी शेजारून श्वासपटलाकडे जाणारा मज्जातंतू उतरतो. तोही पुष्कळदा बधिर होतो व त्या बाजूचे अर्धे श्वासपटल काही तास काम थांबविते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या काळच्या मोठ्या मात्रेने ब्लॉक दिलेल्या सर्वच रुग्णांत असे आढळले होते. निरोगी माणसास याची फारशी जाणीव होत नाही. थोडा श्वास अपुरा वाटतो, एवढेच. परंतु ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्याला हे झेपेलच असे नाही.

आपल्या धंद्याशी या मुद्द्याचा थेट संबंध आहे. आमच्यापैकी पुष्कळांचे आयुष्य चाळणीच्या आणि पोत्यांच्या धुळीत गेले आहे. पेढीवरचा जुना खोकला आपण रोग म्हणून मोजतच नाही. भूलतज्ज्ञाने विचारले, 'श्वासाचा काही त्रास?' तर 'काही नाही' असे सहज उत्तर देऊन मोकळे होतो. असे करू नये. खोकला किती वर्षांचा, जिना चढताना दम लागतो काय, दम्याची फवारणी घेतो काय, विडी-तंबाखू आहे काय, हे सर्व सांगावे. हे कळले म्हणजे भूलतज्ज्ञ औषधाची मात्रा कमी ठेवू शकतो किंवा श्वासपटलाच्या तंतूपासून दूर, खांद्याच्या मागील व काखेकडील तंतूंवर ब्लॉक देऊ शकतो.

ब्लॉकनंतर काही तास त्या बाजूची पापणी खाली येणे, डोळा लाल दिसणे किंवा आवाज घोगरा होणे, हे प्रकारही होतात. औषध उतरले की ते आपोआप जातात. धाप वाढली, छातीत दुखू लागले किंवा एक-दोन दिवस उलटूनही हात बधिरच राहिला, तर मात्र त्वरित डॉक्टरांस कळवावे.

मुदतीची हुंडी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ब्लॉक म्हणजे वेदनेची माफी नव्हे. ती मुदतीची हुंडी आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाची मुदत साधारणतः १२ ते १८ तासांची असते. ती भरली की हुंडी पटवावीच लागते. व्यवहारी माणूस मुदतीच्या आदल्या दिवशीच रकमेची तजवीज करतो, तोच न्याय येथे लावावा.

आमच्या परिचयातील एका सद्गृहस्थांची शस्त्रक्रिया सकाळी दहा वाजता झाली. संध्याकाळी ते भेटीस आलेल्यांशी हास्यविनोद करीत होते. नर्सने गोळी पुढे केली तेव्हा म्हणाले, "दुखतच नाही, तर गोळी कशाला?" सूर्यास्तापूर्वी थोडे जेवून त्यांनी नित्याप्रमाणे चौविहार घेतला. रात्री दोनच्या सुमारास ब्लॉक उतरला. वेदना अशी उसळली की त्यांना बसवेना, निजवेना. व्रतामुळे पाण्याचा घोटही नाही, मग गोळी कोठून? मुलगा म्हणे औषध घ्या, सूनबाई म्हणे महाराजांना विचारल्याशिवाय कसे? अशा द्विधेत साऱ्या कुटुंबाने सूर्योदयाची वाट पाहिली. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. रात्रीची तजवीज तेवढी कोणी केली नव्हती.

वेदना एकदा शिगेस पोहोचली की तिला खाली आणण्यास अधिक औषध लागते. म्हणून ब्लॉकचा अंमल चालू असतानाच, दुखत नसतानाच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळाप्रमाणे सुरू कराव्यात. बोटांत मुंग्या येऊ लागणे, बोटे हलू लागणे, ही ब्लॉक उतरू लागल्याची खूण होय. कित्येक ठिकाणी मज्जातंतूजवळ बारीक नळी ठेवून पंपाने दोन-तीन दिवस थोडे थोडे औषध सोडण्याची सोय असते. ती मिळेल काय, हे आधीच विचारावे.

गोळ्यांचा हिशेब

वेदनाशमनात आज एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडी थोडी एकत्र देतात. पाया पॅरासिटामॉलचा. सशक्त प्रौढासाठी त्याची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम; वृद्ध, कृश किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी त्याहून कमी. येथे एक फसगत होते. पुष्कळ जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलेच असते आणि नाव निराळे असल्याने घरचे लोक दोन्ही गोळ्या देतात. म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरे आपण मालाची बिले वाचतो तशी वाचावीत.

दुसरा वर्ग सूज व ठणका कमी करणाऱ्या गोळ्यांचा. त्या गुणकारी आहेत, पण मूत्रपिंड, जठर व हृदय यांचे विकार असलेल्यांस अपायकारक ठरू शकतात. तिसरा वर्ग अफूपासून निघणाऱ्या किंवा तिच्यासारखे काम करणाऱ्या औषधांचा. माळव्यात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकणारी अफू इंदूरच्या बांधवांना परिचित आहे. नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढतात. तीव्र वेदनेत, थोडे दिवस व डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे घेण्यास भिऊ नये. मात्र ठरलेल्या दिवशी ती बंद करावीत. त्यांनी गुंगी, मळमळ व मलावरोध होतो. गुंगीत वृद्ध माणूस पडू नये म्हणून रात्री सोबत ठेवावी, मलावरोधासाठी भरपूर पाणी व इसबगोल ठेवावे.

औषधाखेरीजचे उपायही कमी मोलाचे नाहीत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. मात्र खांदा बधिर असताना बर्फाने किंवा शेकाने कातडी भाजली तरी कळत नाही, म्हणून जपावे. झोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावी. पहिल्या काही रात्री सपाट न निजता पाठीशी उशा लावून अर्धवट बसून निजल्यास आराम पडतो. हात, बोटे व कोपर यांचा व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावा, आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यावी.

आपले व्रतनियम आणि भूल

भुलीपूर्वी पोट रिकामे हवे, कारण गुंगीत पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरू शकते. सामान्यतः अन्न व दूध ६ तास आधी बंद, आणि स्वच्छ पाणी २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो अन्नातच धरावा. 'उपाशी राहावयाचेच आहे, तर चौविहार उपवासच करू' असा विचार आपल्याकडे सहज मनात येतो. तो या प्रसंगी हितकर नाही. आदल्या दिवसापासून पाणीही न घेतल्यास शरीर कोरडे पडते आणि भूल देताच रक्तदाब एकदम उतरू शकतो. मधुमेहाच्या रुग्णांनी तर विशेष जपावे. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस बंद ठेवावयाच्या असतात. उपवास आणि त्या गोळ्या एकत्र आल्यास रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते.

रात्रीच्या औषधाचा प्रश्न आपल्यापुरता सर्वांत मोठा आहे. धर्माचा निर्णय देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु एवढे ठाऊक आहे की श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाच्या सूत्रांतच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. दिगंबर बांधवांनीही आपापल्या मुनिमहाराजांस किंवा पंडितांस विचारावे. मात्र हे विचारणे शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी व्हावे, रात्री दोन वाजता नव्हे. ज्यांना नियम कडक पाळावयाचा आहे त्यांनी भूलतज्ज्ञास तसे स्पष्ट सांगावे. शिरेतून देण्याची वेदनाशामके, पंपाची नळी, सूर्यास्तापूर्वी घेतलेल्या गोळीची वेळ, असे मार्ग योजता येतात. शिरेतून औषध घेतल्याने व्रतास बाध येतो काय, हेही गुरूंनाच विचारावे.

आणखी दोन बाबी. औषधाच्या मऊ किंवा टणक कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनविलेले असते. गोळी किंवा वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मागितल्यास बहुधा मिळू शकते. भूल देताना शिरेतून देण्याचे प्रोपोफोल हे दुधासारखे पांढरे औषध सोयाबीनचे तेल व अंड्यातील लेसिथिन यांत मिसळलेले असते. ज्यांना हे नको असेल त्यांनी भूलतज्ज्ञास आधी विचारावे. दुसरा मार्ग सुरक्षित असेल तर ते सांगतील, नसेल तर त्यांच्या सल्ल्यास मान द्यावा.

विचारावे आणि सांगावे

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाची भेट अवश्य मागावी. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे विकार, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधांची वावडी, पूर्वीच्या भुलीचा अनुभव, हलणारे दात, तंबाखू व गुटखा, काढे-भस्मे, आणि चालू असलेले व्रत, हे त्यांस सांगावे. ब्लॉक देणार काय, त्याचा अंमल किती तास, तो उतरण्यापूर्वी कोणती गोळी किती वाजता, आणि रात्री वेदना वाढल्यास कोणास कळवावयाचे, हे त्यांस विचारावे. या चार उत्तरांची चिठ्ठी रुग्णाच्या उशाशी ठेवावी व रात्री सोबत राहणाऱ्याने ती वाचलेली असावी.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या खांद्यांवर आपला व्यापार उभा आहे त्या हमाल बांधवांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर शस्त्रक्रियेच्या खर्चास हातभार लावूनच आपण थांबू नये. रुग्णालयात त्याच्या वतीने हेच चार प्रश्न आपल्यापैकी एकाने जाऊन विचारावेत. कारण पुष्कळदा तो स्वतः विचारण्यास संकोचतो आणि सोसणे हाच आपला धर्म समजतो. दुसऱ्याची वेदना कमी करणे ही अहिंसेचीच एक बाजू आहे आणि अभयदानाइतकेच औषधदानही आपल्या परंपरेने थोर मानले आहे. सर्व बंधुभगिनींस निरामय दीर्घायुष्य लाभो, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करितो.

जय जिनेंद्र.